पानिपतमध्ये सार्वजनिक ई-वाहन चार्जिंग: जागा, वीज आणि पर्यावरणाचे नियम

विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी सार्वजनिक चार्जिंग स्टेशन उभारायला स्वतंत्र परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच स्पष्ट केले की वाहन चार्ज करून देणे ही वीजविक्री नसून सेवा आहे. त्यामुळे सुरक्षेचे व तांत्रिक निकष पाळणारी कोणतीही व्यक्ती, संस्था किंवा नगरपालिका असे केंद्र सुरू करू शकते. मात्र परवाना नको याचा अर्थ परवानगी कशाचीच नको, असा होत नाही. जमीन, झाडे, हवा, पुरातन वास्तू आणि जुन्या बॅटऱ्या यांचे कायदे आपापल्या जागी लागू राहतात. दिल्लीच्या उत्तरेला सुमारे 90 किलोमीटरवर असलेले हरियाणातील पानिपत हे याचे चांगले उदाहरण आहे, कारण यांतील बहुतेक कायदे या एका शहरात एकत्र येतात. अर्जदारांचा वेळ वाया जातो तो बहुधा चार्जरमुळे नव्हे, तर जागेची तपासणी अर्जानंतर सुरू केल्यामुळे. म्हणून या लेखात जागेविषयीची माहिती अधिक विस्ताराने दिली आहे.

पानिपतची गरज कोणती?

पानिपत हे हातमाग, गालिचे, ब्लँकेट आणि जुन्या कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याच्या उद्योगाचे शहर आहे. जिल्ह्यात इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र आहे. जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे एनसीआरमध्ये मोडतो. त्यामुळे दिल्लीच्या हवेसाठी निघणारे अनेक आदेश येथेही बंधनकारक असतात.

येथे चार्जिंगची गरज तीन प्रकारची आहे आणि ती एकाच ठिकाणी भागत नाही. पहिली गरज राष्ट्रीय महामार्ग 44 वरून दिल्ली, कर्नाल, अंबाला, चंदीगडकडे जाणाऱ्या वाहनांची. शहरातून जाताना हा महामार्ग सुमारे 10 किलोमीटर उन्नत मार्गावरून जातो. वरून जाणारा चालक खालच्या रस्त्यावरच्या चार्जरसाठी सहसा उतरत नाही. नकाशावर अगदी महामार्गालगत दिसणारी जागा प्रत्यक्षात महामार्गाच्या उपयोगाची नसते, हे येथे आधी लक्षात घ्यावे लागते.

दुसरी गरज बसची. हरियाणातील विजेवरच्या शहर बससेवेची सुरुवात जानेवारी 2024 मध्ये पानिपतपासून झाली. बस आगारातच चार्ज होतात आणि ते चार्जर सामान्य नागरिकांसाठी नसतात. तरीही त्यांचा भार त्याच वीज वितरण यंत्रणेवर येतो, म्हणून शहराच्या नियोजनात त्यांची मोजदाद करावी लागते.

तिसरी गरज ऑटो आणि ई-रिक्षांची, आणि सर्वांत निकडीची तीच आहे. एनसीआर व लगतच्या भागातील वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या आदेशानुसार 1 जानेवारी 2023 पासून एनसीआरमध्ये फक्त सीएनजी किंवा विजेवरील ऑटोंचीच नवी नोंदणी होते. रस्त्यावरील डिझेल ऑटो टप्प्याटप्प्याने बंद करायच्या आहेत. गुरुग्राम, फरिदाबादसारख्या दिल्लीला लागून असलेल्या जिल्ह्यांची मुदत आधीची होती. पानिपत उरलेल्या जिल्ह्यांत येते आणि त्याची मुदत 31 डिसेंबर 2026 आहे. ज्याची रोजी डिझेल ऑटोवर चालते, त्याच्यासाठी चार्जर कुठे आहे हा सोयीचा प्रश्न नाही. रात्री गाडी कुठे लावायची आणि सकाळी किती वाजता बाहेर पडायचे, हे त्यावर ठरते.

किती अंतरावर किती केंद्रे?

ऊर्जा मंत्रालयाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत शहरांसाठी 3 किलोमीटर बाय 3 किलोमीटरच्या चौकोनात किमान एक केंद्र, असा निकष होता. सप्टेंबर 2024 च्या सुधारित सूचनांनी हा चौकोन 1 किलोमीटर बाय 1 किलोमीटर केला असून 2030 पर्यंतचे लक्ष्य ठेवले आहे. महामार्गावर दोन्ही बाजूंना दर 20 किलोमीटरवर एक केंद्र असावे. बस-ट्रकसारख्या अवजड आणि लांब पल्ल्याच्या वाहनांसाठी दर 100 किलोमीटरवर.

चौकोनाचा निकष मोजायला सोपा आहे, पण तो शहराचे जुने-नवे भाग सारखेच मोजतो. पानिपतच्या जुन्या शहरातील अरुंद बाजारपेठेत मोठ्या जलद चार्जरला जागाच मिळणार नाही. तेथे ई-रिक्षा व दुचाकींसाठी कमी क्षमतेचे अनेक चार्जर अधिक उपयोगी ठरतात. औद्योगिक वसाहतीत मात्र कामगारांच्या पाळीच्या वेळेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी संथ चार्जर पुरतो. नव्या इमारतींबाबत केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींतील 2019 ची दुरुस्ती सांगते की वाहनतळाच्या 20 टक्के क्षमतेला चार्जिंगची सोय असावी. हे उपविधी राज्याने स्वीकारल्यावरच बंधनकारक होतात.

जागा निवडताना काय तपासावे?

चार्जिंग स्टेशन हा प्रकल्प पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचना, 2006 च्या यादीत स्वतंत्रपणे येत नाही. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाच्या संकुलाचा भाग असेल, तर त्या संकुलाला मंजुरी घ्यावी लागते. एकट्या केंद्राला ती लागत नाही, आणि यावरूनच अनेकांचा समज होतो की पर्यावरणाचा विषय संपला.

पानिपतमध्ये तो तेथून सुरू होतो. हरियाणात महामार्ग, रेल्वे आणि कालव्यांच्या कडेच्या झाडांच्या पट्ट्या मोठ्या प्रमाणात संरक्षित वन म्हणून अधिसूचित आहेत. मागची जमीन अर्जदाराच्या मालकीची असली, तरी तिच्यापर्यंत जाणारा रस्ता या पट्टीतून जात असेल, तर वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, 1980 विचारात घ्यावा लागतो. 2023 च्या दुरुस्तीने सरकारी देखभालीच्या सार्वजनिक रस्त्याकडेच्या वनजमिनीतून वस्तीकडे किंवा रस्त्यालगतच्या सुविधेकडे जाण्यासाठी प्रत्येक प्रकरणी 0.10 हेक्टरपर्यंत सूट दिली आहे. 0.10 हेक्टर म्हणजे 1,000 चौरस मीटर. सर्वसाधारण प्रवेशमार्गासाठी हे पुरेसे असते. आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा असे दोन रुंद मार्ग आणि अवजड वाहनांसाठी वळण ठेवायचे तर मोजणी करूनच आराखडा आखावा. सूट जमिनीच्या वापरापुरती आहे. झाड तोडण्याची परवानगी तिच्यात आपोआप मिळत नाही, ती वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

येथे शब्दांचा एक घोळ नोंदवायला हवा. विकास आराखड्यात रस्त्याकडेला दाखवलेला ‘ग्रीन बेल्ट’ आणि वन विभागाची संरक्षित पट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक नगररचनेची, दुसरी वन कायद्याची. मराठीत दोन्हींना ‘हरित पट्टा’ म्हटले की वाचकाला एकाच कार्यालयात जायचे आहे असे वाटते. या लेखात म्हणून वन विभागाच्या जमिनीला ‘वनपट्टी’ म्हटले आहे. नगररचनेच्या बाजूने हरियाणात लागू असलेला 1963 चा अनुसूचित रस्ते व नियंत्रित क्षेत्र कायदाही पाहावा लागतो. अनुसूचित रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 30 मीटरपर्यंत बांधकामावर त्यात निर्बंध आहेत.

पुरातन वास्तूंचा मुद्दा मराठी वाचकाला चटकन कळेल. पानिपतात बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढील 200 मीटरमध्ये परवानगीने बांधकाम करता येते. जनतेसाठी वीजपुरवठा व वितरणाची कामे कायद्यातील ‘बांधकाम’ या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. पण चार्जरवर छत, बाजूला प्रतीक्षागृह आणि चहाचे दुकान आले की ते वीज वितरणाचे काम राहत नाही. स्मारकाजवळ केंद्र हवेच असेल, तर आधीपासून असलेल्या वाहनतळात बिनछताचा चार्जर हा कमी वादाचा मार्ग आहे, आणि तोही सक्षम प्राधिकाऱ्याचे लेखी उत्तर हातात आल्यावर.

पाण्याचा निचरा हा मुद्दा अर्जात क्वचितच दिसतो. जिल्ह्याची पूर्व सीमा यमुना आहे आणि जुलै 2023 च्या पुराची झळ नदीकाठच्या गावांना बसली होती. शहरातही सखल भागात पावसाचे पाणी साचते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार चार्जिंगचे सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर उंच असावे. उभ्या केलेल्या वाहनाचा जोडबिंदू चार्जिंग पॉइंटपासून 5 मीटरच्या आत असावा, आणि गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण बसवलेले असावे. 800 मिलिमीटर ही किमान उंची आहे. गेल्या काही पावसाळ्यांत त्या जागी पाणी किती चढले होते, हे शेजारच्या दुकानदाराला विचारले तरी कळते. चौथरा त्या हिशेबाने बांधावा, पण संपूर्ण आवार काँक्रीटने झाकू नये. हरियाणात भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे आणि वाहनतळाच्या मोकळ्या जमिनीत मुरणारे पाणी अडवून कोणाचाच फायदा नाही.

खोदकाम कोणत्या महिन्यात करावे?

हे पानिपतमध्ये विचारण्यासारखे आहे. हिवाळ्यात दिल्लीचा वायू गुणवत्ता निर्देशांक 400 च्या वर गेला की श्रेणीबद्ध प्रतिसाद कृती आराखड्याचा, म्हणजे ‘ग्रॅप’चा, तिसरा टप्पा लागू होतो. निर्देशांक दिल्लीचा, पण बांधकामावरील बंदी संपूर्ण एनसीआरला. बंदीच्या यादीत माती खोदणे, भरणे आणि उघडा चर खणून वीजवाहिनी टाकणे यांचा समावेश आहे. काही सार्वजनिक प्रकल्पांना सूट असते, मात्र खासगी आवारातील चार्जिंग केंद्राने ती गृहीत धरू नये. नोव्हेंबरमध्ये चर खणायला घेतला आणि आदेश आला, तर काम तसेच उघडे पडते. धूळ उडते, दंडही होऊ शकतो.

चर, पाया आणि वाहिनी ही कामे पावसाळा सरल्यावर लगेच, ऑक्टोबरच्या आत किंवा ऑक्टोबरमध्ये उरकावीत. नाहीतर सरळ फेब्रुवारीनंतर धरावीत. यंत्रे बसवणे व जोडणी ही धूळ न करणारी कामे मधल्या काळात होऊ शकतात. भूखंड 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर बांधकामाची नोंदणी राज्याच्या धूळ नियंत्रण पोर्टलवर करावी लागते.

वीज: भार, दर आणि जनरेटर

पानिपतला उत्तर हरियाणा बिजली वितरण निगम वीज पुरवते. नियमांनुसार महानगराबाहेरील नगरपालिका क्षेत्रात नवी जोडणी 7 दिवसांत आणि ग्रामीण भागात 15 दिवसांत मिळायला हवी. जेथे नवी वाहिनी किंवा उपकेंद्र लागते, तेथे जास्त कालावधी, कमाल 90 दिवसांपर्यंत, धरला आहे. 2024 च्या सूचनांत 150 किलोवॅटपर्यंतची जोडणी लघुदाबावर देण्याची तरतूद आहे. 60 किलोवॅटचे दोन जलद चार्जर त्यात बसतात. तिसरा घेतला की उच्चदाब जोडणी आणि स्वतःचे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आला आणि खर्चाचे गणित बदलले. 60 किलोवॅटचा एक चार्जर म्हणजे 3 किलोवॅट मंजूर भाराची 20 घरे, हेही लक्षात असू द्यावे.

दराबाबत सूचना अशी आहे: सार्वजनिक केंद्राला स्थिर आकार नसलेला एकच दर असावा आणि 31 मार्च 2028 पर्यंत तो सरासरी पुरवठा खर्चापेक्षा जास्त नसावा. सकाळी 9 ते दुपारी 4 या सौर तासांत वितरण कंपनीने केंद्राला सरासरी पुरवठा खर्चाच्या 0.7 पट आणि इतर वेळी 1.3 पट दराने वीज द्यावी. प्रत्यक्ष बिलावर येणारा दर हरियाणा विद्युत नियामक आयोगाच्या आदेशाने ठरतो.

या दोन दरांमागे पर्यावरणाचे साधे गणित आहे. देशाच्या वीज जाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका युनिटमध्ये छोटी ई-कार 6 ते 7 किलोमीटर धावते, म्हणजे किलोमीटरला 100 ते 120 ग्रॅम. लिटरला 18 किलोमीटर देणारी पेट्रोल कार किलोमीटरला साधारण 130 ग्रॅम सोडते. फरक आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. शहराच्या रस्त्यावर धूर निघत नाही हा फायदा मात्र निर्विवाद आहे. पानिपतमध्ये 710 मेगावॅटचे कोळशाचे वीज केंद्र जिल्ह्यातच आहे. रात्रीच्या चार्जिंगसाठी जळणाऱ्या कोळशाची राख कुठे पडते, हे येथील लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. दुपारी चार्जिंग वाढले आणि छतावर सौर पॅनेल आले, तर हे गणित सुधारते.

वीज गेल्यावर डिझेल जनरेटर लावून गाड्या चार्ज करणे हा मार्ग येथे जवळजवळ बंद आहे. 30 सप्टेंबर 2023 नंतर एनसीआरमध्ये उत्सर्जन नियंत्रक उपकरण बसवलेले किंवा गॅस व डिझेल अशा दुहेरी इंधनावर चालणारे जनरेटरच, क्षमतेनुसार ठरलेल्या अटींवर, वापरता येतात. केंद्राला पर्यायी पुरवठा हवाच असेल, तर साठवण बॅटरीचा खर्च सुरुवातीलाच धरावा.

ई-रिक्षा आणि शिसे

चार्जिंगच्या नियोजनात सर्वांत कमी बोलला जाणारा भाग हाच आहे. बहुतेक ई-रिक्षांत अजूनही शिसे-आम्लाच्या 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात. चारींचे मिळून वजन 100 किलोच्या वर जाते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग शिसे असतो. रोजच्या वापरात त्या साधारण वर्षभरात उतरतात. म्हणजे ई-रिक्षा जिथे वाढतात, तिथे दरवर्षी प्रत्येक रिक्षामागे निम्मा क्विंटल किंवा त्याहून जास्त शिसे कुठे ना कुठे जाते.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. बॅटरी जमिनीत पुरणे किंवा जाळणे निषिद्ध आहे. वापरकर्त्यानेही ती इतर कचऱ्यात न टाकता संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या घटकाकडेच द्यायची असते. जुन्या बॅटरीला भंगारात चांगला भाव असल्याने ती कोणी फेकत नाही. धोका वेगळा आहे. नोंदणी नसलेल्या भट्टीत ती फोडली जाते, आम्ल नाल्यात सोडले जाते आणि शिसे उघड्यावर वितळवले जाते. कापड रंगाई उद्योगाचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या पानिपतच्या नाल्यांना आणखी एका विषाची गरज नाही.

दुसरा धोका घरातला. सार्वजनिक सोय नसेल तर चालक राहत्या खोलीत किंवा बंद गोदामात दाटीवाटीने रिक्षा लावून रात्रभर चार्ज करतो. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. बंद जागेत तो साठला आणि ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून ई-रिक्षांसाठीचे केंद्र हवेशीर असावे, जमीन आम्ल न शोषणारी असावी, सांडलेल्या आम्लासाठी चुना किंवा खाण्याचा सोडा हाताशी ठेवावा आणि जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या नोंदणीकृत घटकाचे नाव तेथे फलकावर लावावे. नगरपालिका जागा भाड्याने देताना ही अट करारात घालू शकते. जलद चार्जरचे उद्घाटन छायाचित्रात चांगले दिसते, पण डिझेल ऑटोची मुदत जवळ येत असताना पानिपतला रात्री उघडे राहणारे, स्वस्त आणि हवेशीर चार्जिंग आवार अधिक उपयोगी पडेल.

अनुदान कोणाला मिळते?

पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या 10,900 कोटी रुपयांपैकी 2,000 कोटी सार्वजनिक चार्जिंगसाठी आहेत. अर्ज व्यक्तीने थेट करायचा नसून केंद्रीय मंत्रालये, सार्वजनिक उपक्रम आणि राज्य सरकारांच्या यंत्रणांमार्फत प्रस्ताव जातात. सरकारी कार्यालय, रुग्णालय, शिक्षणसंस्था अशा आवारात सर्वांना मुक्त प्रवेश असेल तर वीज जोडणीची कामे व चार्जर या दोन्हींवर 100 टक्के अनुदान आहे. बसस्थानक, रेल्वेस्थानक, सरकारी तेल कंपन्यांचे पंप, टोलनाके येथे जोडणीच्या कामांवर 80 टक्के आणि चार्जरवर 70 टक्के. बाजार, मॉल आणि रस्त्याकडेच्या जागी फक्त जोडणीच्या कामांवर 80 टक्के. प्राधान्यक्रमात दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांचा उल्लेख आहे. 2011 च्या जनगणनेत पानिपत शहर त्याच्या बरेच खाली होते, त्यामुळे येथील प्रस्तावाचा जोर वर्दळीच्या महामार्गावर द्यावा.

सरकारी जमीन खासगी चालकाला देताना प्रति युनिट किमान 1 रुपया महसूल वाट्याचे प्रारूप सूचनांत आहे, करार सुरुवातीला 10 वर्षांचा.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी

अंतराचे निकष, जोडणीची मुदत, सौर तासांचा दर, बॅटरीचे नियम आणि पीएम ई-ड्राइव्ह हे सर्व देशभर लागू आहे. ग्रॅप, ऑटोची मुदत आणि जनरेटरचे वरील निर्बंध एनसीआरपुरते आहेत. महाराष्ट्रात वीजदर राज्याच्या नियामक आयोगाकडे तपासावा. 14 जानेवारीला काला आंब येथील स्मारकाला ई-वाहनाने जाणाऱ्यांनी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ‘ईव्ही यात्रा’ पोर्टलवर महामार्ग 44 वरील केंद्रे आधी पाहून घ्यावीत आणि आपल्या बाजूच्या मार्गिकेवरचे केंद्र निवडावे. थंडीत बॅटरीचा पल्ला कमी होतो, तेव्हा दिल्लीतून निघतानाच परतीपुरता चार्ज ठेवलेला बरा.